जीपीने नाही, दुसऱ्याच कुणी पाठवलं: इंग्लंडमधलं कॅन्सरचं तातडीचं रेफरल नीट समजून घेताना

दात साफ करून घ्यायला गेलात. डेंटिस्टने जिभेच्या कडेला नेहमीपेक्षा जास्त वेळ आरसा धरला, फोटो काढला आणि म्हणाले, "हे मी हॉस्पिटलला अर्जंट पाठवतो, तुम्हाला फोन येईल." किंवा छातीत दुखतंय म्हणून रात्री ए अँड ईला, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात, गेलात. हृदयाचं काही निघालं नाही, पण एक्स-रेमध्ये फुप्फुसावर डाग दिसला. घरी पोचेपर्यंत डोक्यात एकच शब्द घुमत असतो आणि बाकीचं काही नीट ऐकलेलंच नसतं.

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाला थोड्याच दिवसांत कळतं की इथे स्पेशालिस्टकडे थेट जाता येत नाही, जीपीमार्फतच (नाव नोंदवलेल्या फॅमिली डॉक्टरमार्फत) जावं लागतं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण कॅन्सरची शंका आली की जीपीखेरीज आणखी बरेच जण तुम्हाला पुढे पाठवू शकतात: डेंटिस्ट, डोळे तपासणारे ऑप्टोमेट्रिस्ट, स्क्रीनिंगवाले, ए अँड ईचे डॉक्टर, एखाद्या वेगळ्याच आजारासाठी तुम्हाला बघणारे कन्सल्टंट, म्हणजे हॉस्पिटलचे वरिष्ठ स्पेशालिस्ट. वाट कायदेशीर आहे आणि चांगली चालते. अडचण एकच आहे. जीपीने पाठवलं तर मागे जीपीची सर्जरी (दवाखान्याला इथे सर्जरी म्हणतात) असते, चौकशी करता येते. दुसऱ्या कुणी पाठवलं तर जीपीला पत्ता नसतो, पाठवणारा आपलं काम झालं म्हणून मोकळा होतो आणि हॉस्पिटलच्या यादीत तुमचं नाव नीट चढलं की नाही हे बघणारं मधे कुणीच नसतं. ते काम तुम्हाला करावं लागतं. कसं, ते पुढे दिलं आहे.

त्याआधी एक गोष्ट घट्ट धरून ठेवा: तातडीने पाठवलेल्या दहापैकी नऊहून अधिक जणांना कॅन्सर निघत नाही. शंका लवकर फेडून टाकायची म्हणून हे रेफरल असतं.

१. आधी शब्द ओळखा

पत्रावर किंवा बोलण्यात हे शब्द येतील. "अर्जंट सस्पेक्टेड कॅन्सर रेफरल" हे सध्याचं अधिकृत नाव. "टू वीक वेट" हे त्याचंच जुनं नाव. दोन आठवड्यांत पहिली भेट मिळावी हे मानक ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द झालं, पण कर्मचाऱ्यांच्या तोंडी शब्द अजून तोच आहे आणि कित्येक हॉस्पिटलांत त्या टेबलाला आजही टू वीक वेट ऑफिसच म्हणतात. "फास्ट ट्रॅक" म्हटलं तरी बहुधा हेच.

नुसतं "अर्जंट" म्हणजे मात्र हे नव्हे. हा फरक सगळ्यात महागात पडतो. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, रूटीन, अर्जंट आणि अर्जंट सस्पेक्टेड कॅन्सर असे तीन वेगळे वर्ग आहेत. पुढे सांगितलेले २८ आणि ६२ दिवसांचे नियम साध्या अर्जंटला लागत नाहीत, तिथे वाट बघणं बरंच लांबू शकतं. म्हणून "अर्जंट पाठवलंय" एवढं ऐकून समाधान मानू नका.

२. तुम्हाला नेमकं कोणी पाठवलं, त्यावर पुढची चाल ठरते

डेंटिस्ट. आपल्या लोकांसाठी ही वाट सगळ्यात महत्त्वाची, म्हणून जरा सविस्तर. तीन आठवड्यांहून जास्त काळ न भरलेला आणि कारण न सापडलेला तोंडातला व्रण, ओठावर किंवा तोंडात गाठ, लाल किंवा लाल-पांढरा चट्टा, मानेत टिकून राहिलेली गाठ, या गोष्टी तपासायला लावणाऱ्या आहेत. ब्रिटनच्या मार्गदर्शक नियमांत तोंडातली गाठ आणि लाल चट्टा यांसाठी आधी डेंटिस्टनेच बघावं असं सांगितलेलं आहे, त्यामुळे जीपीने "डेंटिस्टकडे जा" म्हटलं तर ती टोलवाटोलवी समजू नका. एनएचएसचा डेंटिस्ट मिळत नसेल तर खाजगी डेंटिस्टही एनएचएसच्या हॉस्पिटलला असं रेफरल पाठवू शकतो.

डेंटिस्टने "तंबाखू?" विचारलं की आपण "सिगरेट ओढत नाही" म्हणतो आणि विषय संपतो. तसं करू नका. सुपारी, पान, गुटखा, मावा, तंबाखू-चुना, मिशरी, काय असेल ते नाव घेऊन सांगा. किती वर्षं, दिवसातून किती वेळा, कोणत्या गालात धरता, सोडून किती वर्षं झाली, सगळं सांगा. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कॅन्सरकारक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच तिला पहिल्या गटात टाकलं. मिशरी म्हणजे काय हे इथल्या डेंटिस्टला ठाऊक असेलच असं नाही, तेव्हा भाजलेली तंबाखू दाताला आणि हिरडीला घासतात असं समजावून सांगा. तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तिखट सोसत नसेल, गालाच्या आत दोऱ्यासारखं ताठ लागत असेल, तर तेही सांगा, कारण सुपारीने गाल आखडण्याचा आजार वेगळा असतो आणि त्यावर लक्ष ठेवावं लागतं.

डेंटिस्टची अडचण अशी की बऱ्याच भागांत त्यांची रेफरलं वेगळ्या संगणक-प्रणालीतून जातात. ती एनएचएस ॲपमध्ये दिसतीलच असं नाही. ॲपमध्ये काही नाही म्हणजे रेफरल गेलंच नाही, असा निष्कर्ष काढू नका, आणि गेलंच असेल असंही धरून चालू नका. विचारा.

ऑप्टोमेट्रिस्ट. चष्म्याच्या दुकानात डोळा तपासताना आतल्या पडद्यावर तीळ दिसला, तो फुगीर किंवा मोठा असला, तर तिथून रेफरल होतं. मोठ्यांच्या डोळ्यातल्या अशा गाठींसाठी इंग्लंडमध्ये लंडनचं मूरफील्ड्स, लिव्हरपूल आणि शेफील्ड ही विशेष केंद्रं आहेत, त्यामुळे राहत्या गावापासून लांब जावं लागलं तर गोंधळू नका. लहान मुलाच्या फोटोत एका बाहुलीत लाल चमकेऐवजी पांढरी चमक दिसत असेल तर थांबू नका, लगेच दाखवा. त्यासाठी लंडन आणि बर्मिंगहॅम इथे केंद्रं आहेत. इथला सापळा असा: काही भागांत ऑप्टोमेट्रिस्ट थेट हॉस्पिटलला पाठवत नाहीत, जीपीला पत्र लिहितात आणि जीपीने पुढे पाठवायचं असतं. पत्र सर्जरीच्या इनबॉक्समध्ये पडून राहिलं की दिवस जातात. "थेट हॉस्पिटलला गेलं की जीपीमार्फत?" हा प्रश्न दुकानातच विचारा.

स्क्रीनिंग. लक्षणं नसताना ठरावीक वयात बोलावतात ते स्क्रीनिंग. स्तनांचा एक्स-रे ५० ते ७१ व्या वाढदिवसापर्यंत दर ३ वर्षांनी, पहिलं बोलावणं ५० ते ५३ च्या दरम्यान. आतड्याच्या कॅन्सरसाठी शौचाच्या नमुन्याचं किट ५० ते ७४ वयात दर २ वर्षांनी घरी टपालाने. गर्भाशयमुखाची तपासणी २५ ते ६४ वयात. आणि ज्यांनी कधी ना कधी सिगरेट ओढली आहे अशा ५५ ते ७४ वयाच्या लोकांसाठी फुप्फुसाची तपासणी, जी टप्प्याटप्प्याने देशभर सुरू होते आहे. बोलावणं जीपीच्या नोंदींवरून निघतं. सर्जरीत नावच नोंदवलं नसेल तर किट येणारच कसं? नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवणं बंधनकारक नाही, त्यामुळे "कागद जमले की नोंदवू" म्हणून थांबू नका.

स्क्रीनिंगमध्ये काही निघालं तर स्क्रीनिंगवालेच पुढची तारीख देतात. शौचाच्या तपासणीनंतर आधी खास नर्सशी भेट होते, मग कोलोनोस्कोपी (नळीच्या कॅमेऱ्याने मोठं आतडं बघणं). स्तनांच्या तपासणीनंतर असेसमेंट क्लिनिकला परत बोलावतात. फुप्फुसाच्या स्कॅनमध्ये छोटी गाठ दिसून "तीन महिन्यांनी परत स्कॅन करू" म्हटलं, तर ते कॅन्सरचं रेफरल नव्हे, नुसती देखरेख आहे.

शौचाच्या किटबद्दल एक गैरसमज मुळातूनच काढायला हवा. स्क्रीनिंगचं किट नॉर्मल आलं म्हणून शौचातून रक्त जाणं, न समजणारं वजन घटणं किंवा सवयीत झालेला बदल अंगावर काढू नका. लक्षणं असलेल्या माणसाच्या शौचातल्या रक्ताची जी तपासणी जीपी करतात तिची सीमारेषा ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम आहे. स्क्रीनिंगची सीमारेषा त्याच्या कितीतरी पट वर ठेवलेली असते. म्हणजे स्क्रीनिंगमध्ये "काही नाही" असलेला नमुना जीपीच्या तपासणीत "पुढे पाठवा" ठरू शकतो.

ए अँड ई आणि अचानक दिसलेलं. इंग्लंडमध्ये पाचपैकी सुमारे एक कॅन्सर अशा तातडीच्या भेटीत उघडकीस येतो. इथे डिस्चार्जच्या कागदावरचं एकच वाक्य सगळं ठरवतं. "जीपी टू रेफर" असं लिहिलेलं असेल तर हॉस्पिटलने काहीही पाठवलेलं नाही, जीपीने पाठवायचं आहे आणि तो कागद जीपीने उघडून वाचेपर्यंत काहीच हलणार नाही. ज्या तक्रारीसाठी आलात तिच्याशी संबंधित तातडीचं रेफरल हॉस्पिटलने स्वतःच करावं, ही एनएचएसच्या करारातली अपेक्षा आहे. म्हणून तिथल्या तिथे सभ्यपणे म्हणा की आपण इथूनच पाठवू शकाल का. नाहीच जमलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जरीला फोन करून तो कागद हातात घेऊन बोला.

दुसऱ्या आजारासाठी बघणारे कन्सल्टंट. गुडघ्याच्या, मूत्रखड्याच्या किंवा पित्ताशयाच्या स्कॅनमध्ये भलतंच काही दिसतं. मग ते डॉक्टर तुमची केस "अपग्रेड" करू शकतात, याला कन्सल्टंट अपग्रेड म्हणतात. अपग्रेड झालं की त्या दिवसापासून ६२ दिवसांचं घड्याळ सुरू होतं. अपग्रेड न करता नुसतं "मी सहकाऱ्याला पत्र लिहितो" असं झालं तर ते घड्याळ सुरूच होत नाही. वॉर्डात दाखल असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हे विचारायचं घरचे हमखास विसरतात.

स्वतःहून आणि फार्मसीतून. काही भागांत स्तनातल्या गाठीसाठी स्वतः नाव नोंदवता येतं किंवा फार्मासिस्ट पुढे पाठवू शकतात. हे गावागणिक बदलतं. लंडनमधल्या मैत्रिणीला जमलं म्हणून तुमच्याकडे जमेलच असं नाही. तुमच्या भागात सोय आहे का, याचं उत्तर जीपीची रिसेप्शनिस्ट फोनवर देऊ शकते.

खाजगी डॉक्टर. कंपनीच्या विम्यातून व्हिडिओवर भेटणारे जीपी "रेफर केलं" म्हणतात तेव्हा ते बहुधा खाजगी हॉस्पिटलला केलेलं असतं. एनएचएसमध्ये जायचं असेल तर त्यांचं पत्र घेऊन त्याच दिवशी आपल्या एनएचएस सर्जरीला द्या आणि तिथून रेफरल करून घ्या, कारण बाहेरच्या पत्रावर काही हॉस्पिटलं थेट तारीख देत नाहीत. खाजगीत एकदा दाखवलं म्हणून एनएचएसचा हक्क जात नाही.

३. खोलीतून बाहेर पडण्याआधी चार उत्तरं लिहून घ्या

मनात ठेवू नका, फोनमध्ये टाइप करा.

कोणी पाठवलं: नाव आणि पद.
कुठे पाठवलं: हॉस्पिटल आणि विभाग. ईएनटी (कान-नाक-घसा), मॅक्सिलोफेशियल (तोंड-जबडा), डर्मटॉलॉजी (त्वचा), जे असेल ते.
कोणत्या वर्गात: अर्जंट सस्पेक्टेड कॅन्सर की साधं अर्जंट.
कोणत्या तारखेला: आज जाणार की "संध्याकाळी करतो".

इंग्रजीत विचारायला संकोच वाटत असेल तर एवढंच वाक्य पुरे: "इज धिस गोइंग ॲज ॲन अर्जंट सस्पेक्टेड कॅन्सर रेफरल, अँड कॅन आय हॅव अ कॉपी?" रेफरलच्या पत्राची प्रत मागणं तुमचा हक्क आहे. ती मागितल्याने कुणी रागावत नाही. उलट पाठवणाराही जरा जपून लिहितो.

४. जीपीला कळवा, पण भार त्यांच्यावर टाकून बसू नका

त्याच आठवड्यात सर्जरीच्या ऑनलाइन फॉर्मवरून तीन ओळी लिहा: अमुक डेंटिस्टने अमुक तारखेला अमुक हॉस्पिटलला कॅन्सरच्या शंकेवरून पाठवलं आहे, कृपया नोंदीत टाका. फायदे दोन. तुमची जुनी औषधं आणि रक्ताचे रिपोर्ट हॉस्पिटलने मागितले तर सर्जरी गोंधळत नाही. आणि रेफरल हरवलंच तर जीपी त्या दिवशी नवीन पाठवू शकतात.

कित्येक जण खात्री म्हणून जीपीकडूनही दुसरं रेफरल करून घेतात. सगळं सुरळीत चालू असताना ते करू नका. एकाच तक्रारीची दोन रेफरलं दोन हॉस्पिटलांत गेली की एक तारीख रद्द करताना दुसरीही रद्द झाल्याचे प्रकार होतात, आणि कोणतं घड्याळ खरं हे कुणालाच कळत नाही.

५. दिवस मोजायला शिका

हॉस्पिटलला रेफरल मिळालं तो दिवस शून्य. पुढचे दिवस कॅलेंडरचे, म्हणजे शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडे धरून.

२८ दिवसांच्या आत तुम्हाला सांगायला हवं: कॅन्सर आहे किंवा नाही. नुसता स्कॅन झाला म्हणजे हे पूर्ण होत नाही, उत्तर तुमच्यापर्यंत पोचायला हवं. अर्जंट सस्पेक्टेड कॅन्सर आणि स्क्रीनिंग या दोन्ही वाटांना हे लागू आहे.

६२ दिवसांच्या आत, रेफरलपासून, पहिला उपचार सुरू व्हायला हवा. कन्सल्टंट अपग्रेड असेल तर अपग्रेडच्या तारखेपासून.

३१ दिवसांच्या आत, उपचाराचा निर्णय तुमच्याशी बोलून झाला त्या दिवसापासून, उपचार सुरू व्हायला हवा. तुम्ही कोणत्याही वाटेने आला असाल तरी हा नियम सगळ्यांना सारखा.

ही मानकं आहेत, हमी नव्हे. ६२ दिवसांसाठी राष्ट्रीय मानक ८५ टक्के रुग्णांचं आहे, आणि २०१५ नंतर इंग्लंडला ते गाठता आलेलं नाही. म्हणून दिवस मोजायचे ते कुणाशी भांडायला नव्हे, फोन कधी करायचा हे कळायला.

फोनचा अंदाज असा ठेवा: तिसऱ्या कामाच्या दिवशी पाठवणाऱ्याला विचारा, रेफरल गेलं का आणि पोचल्याची नोंद आहे का. सातव्या दिवसापर्यंत हॉस्पिटलकडून काहीच आलं नाही तर हॉस्पिटलच्या मुख्य नंबरवर फोन करून कॅन्सरच्या रेफरलचं बुकिंग बघणारा विभाग मागा. दोन आठवडे झाले आणि कुणी दाद देत नसेल तर हॉस्पिटलच्या पाल्सला गाठा. रुग्णांच्या अडचणी सोडवणारा हा विभाग प्रत्येक हॉस्पिटलात असतो, आणि हरवलेली तारीख शोधून देणं हे त्यांचं रोजचं काम आहे.

वेल्समध्ये घड्याळ शंका आली त्या क्षणापासून चालू होतं, मग शंका डेंटिस्टला आलेली असो की स्कॅन बघणाऱ्याला. ते अधिक न्याय्य वाटतं. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियमही वेगळे आहेत, तेव्हा कार्डिफच्या किंवा ग्लासगोच्या नातेवाइकांनी सांगितलेले दिवस इंग्लंडमध्ये लावू नका.

हॉस्पिटलला रेफरल वाचून कॅन्सरची शंका वाटली नाही तर ते तुमची केस परस्पर खालच्या वर्गात टाकू शकत नाहीत. पाठवणाऱ्याशी बोलून, त्याच्या संमतीनेच तसं करता येतं. "आता रूटीनमध्ये बदललं आहे" असं पत्र आलं तर डेंटिस्टला किंवा ऑप्टोमेट्रिस्टला फोन करून विचारा की तुम्ही मान्य केलं होतं का.

६. फोन उचला, पत्ता बदला

बऱ्याच तारखा कशामुळे हुकतात? अनोळखी किंवा नंबर न दाखवणारा फोन फसवणुकीचा समजून न उचलल्यामुळे. हॉस्पिटलचे फोन बरेचदा असेच येतात. रेफरल गेल्यापासून पहिली भेट होईपर्यंत प्रत्येक फोन उचला आणि व्हॉइसमेल चालू ठेवा. खरोखर हॉस्पिटल असेल तर ते तुमची जन्मतारीख विचारतील, पण बँकेचे तपशील कधीच विचारणार नाहीत.

नव्याने आलेले लोक वर्षात दोन-तीन घरं बदलतात आणि सिम बदलतात. डेंटिस्टकडे नवा पत्ता दिला म्हणून एनएचएसच्या मध्यवर्ती नोंदीत तो जात नाही. सर्जरीत किंवा ॲपमध्ये वेगळा बदलावा लागतो. नावाचंही तसंच. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, डेंटिस्टकडे फक्त आडनाव, सर्जरीत लग्नाआधीचं नाव, असं असेल तर एकाच माणसाच्या दोन फाइली तयार होतात. दहा अंकी एनएचएस नंबर प्रत्येक ठिकाणी द्या. तो सगळीकडे एकच असतो.

गणपतीला किंवा मे महिन्यात भारताचं तिकीट काढलेलं असेल तर पहिल्याच फोनमध्ये सांगा. न कळवता गैरहजर राहिलात तर पहिल्या भेटीपर्यंतचं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. एकदा चुकलं म्हणून लगेच जीपीकडे परत पाठवून देऊ नये असं एनएचएसचं मार्गदर्शन आहे, पण दोनदा चुकलं तर पाठवू शकतात. तिकीट बदलून खर्च करायचा की तारीख पुढे ढकलायची, असा प्रश्न असेल तर तिकीट बदला.

७. सोबत काय न्यायचं

- एनएचएस नंबर, फोटो असलेलं ओळखपत्र, रेफरलची प्रत
- सध्याच्या औषधांची यादी, डोससकट. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन, लोहाच्या गोळ्या या वेगळ्या ठळक लिहा
- आयुर्वेदिक काढे, भस्मं, होमिओपॅथीची औषधं: लपवू नका, डब्यांचे फोटो न्या
- ॲलर्जी आणि आधीची ऑपरेशनं
- घरात कुणाला कॅन्सर झाला होता, कोणता, कितव्या वर्षी. "आत्याला पोटाचा" एवढं पुरत नाही. अंडाशय, आतडं की जठर, हे भारतात फोन करून विचारून ठेवा
- भारतात आधी काही तपासणी झाली असेल तर रिपोर्टची प्रत, स्कॅनची सीडी, आणि बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) झाली असेल तर स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक. नुसत्या छापील रिपोर्टवर इथले पॅथॉलॉजिस्ट निर्णय देत नाहीत, मूळ नमुना स्वतः बघतात

इंग्रजी कमी समजणाऱ्या आईला घेऊन जात असाल तर बुकिंगच्या वेळीच मराठी दुभाषा मागा. मोफत मिळतो. "हिंदी चालेल का" विचारलं आणि आईला चालत नसेल तर स्पष्ट नाही म्हणा. मुलाने किंवा सुनेने भाषांतर करणं सोयीचं वाटतं, पण नको ती गोष्ट ऐकल्यावर घरचा माणूस हमखास अर्धंच सांगतो. तपासणीच्या वेळी स्त्री कर्मचारी खोलीत हवी असेल तर तेही आधी सांगता येतं.

८. त्या दिवशी काय होतं

काही वेळा डॉक्टरला भेटायच्या आधीच थेट तपासणीची तारीख येते. याला स्ट्रेट टू टेस्ट म्हणतात. डॉक्टरांनी न बघताच स्कॅन लावला म्हणून घाबरू नका, त्यात उलट दिवस वाचतात.

स्तनांच्या क्लिनिकमध्ये तपासणी, एक्स-रे किंवा सोनोग्राफी आणि गरज पडली तर बायोप्सी एकाच भेटीत होते. तीन-चार तास हाताशी ठेवा, ड्रेसऐवजी वर-खाली वेगळे कपडे घाला आणि त्या दिवशी डिओडरंट, पावडर लावू नका. एक्स-रेवर त्याचे कण दिसतात.

तोंडाच्या व्रणातून तुकडा घ्यायचा असेल तर जागा बधिर करून घेतात, सहसा त्याच भेटीत. दोन-तीन दिवस तिखट, गरम आणि कुरकुरीत टाळा, आणि सुपारी-तंबाखू पूर्ण बंद.

कोलोनोस्कोपीची तयारी आपल्या जेवणामुळे बिघडते. हॉस्पिटलच्या कागदावर ब्रेड-पास्ताची नावं असतात, भाकरीचं काय ते लिहिलेलं नसतं. म्हणून इथे: पत्रात सांगितलेल्या दिवसापासून (बहुधा एक ते तीन दिवस आधी) भाकरी, गव्हाची पोळी, डाळी, उसळी, पालेभाज्या, शेंगदाणे, खोबरं, तीळ, फळांच्या साली आणि बिया बंद. पांढरा भात, पांढरा ब्रेड, अंडं, साधं चिकन किंवा मासा चालतो. नंतर फक्त पारदर्शक पातळ पदार्थ. कोकम सरबत आणि सोलकढी नको. लाल रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात. रक्त पातळ करणारी गोळी आणि इन्सुलिन यांबद्दल मात्र स्वतः काही ठरवू नका, पत्रावरच्या नंबरवर फोन करून विचारा. आतडं नीट साफ झालं नाही तर अख्खी तपासणी पुन्हा करावी लागते. गुंगीचं इंजेक्शन घेतलंत तर घरी न्यायला मोठं माणूस हवं, आणि २४ तास गाडी चालवायची नाही.

निघण्यापूर्वी विचारा: उत्तर कोण देणार, कधी, फोनवर की समोर? आणि तोवर शंका आली तर कोणाला फोन करायचा?

९. भारतातून भेटीला आलेले आई-वडील

व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. वर्क व्हिसावर येणारे बहुतेक जण हेल्थ सरचार्ज (व्हिसासोबत आरोग्यसेवेसाठी भरायची रक्कम) आधीच भरतात, मोठ्यांसाठी तो फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला १,०३५ पाउंड आहे, त्यामुळे त्यांना हॉस्पिटलचा वेगळा खर्च येत नाही. भेटीला आलेल्यांना जीपीची भेट आणि ए अँड ईमधले उपचार फुकट असतात. पण दाखल झाल्यापासून, आणि क्लिनिकची भेट, स्कॅन, बायोप्सी, सगळ्याचे पैसे लागतात, तेही एनएचएसच्या दराच्या दीडपट. कॅन्सरला सूट नाही.

ए अँड ईच्या डॉक्टरांनी बाबांना तातडीचं रेफरल दिलं की पुढच्या तपासण्या फुकट होतील, हा समज घेऊन जाऊ नका. हॉस्पिटलात ओव्हरसीज व्हिजिटर मॅनेजर (परदेशी पाहुण्यांच्या बिलाचं काम बघणारे) असतात, त्यांच्याकडून खर्चाचा अंदाज लेखी मागा. उपचार लगेच करायलाच हवेत, परत जाईपर्यंत थांबू शकत नाहीत, की थांबू शकतात, हे डॉक्टर ठरवतात. पहिल्या दोन प्रकारांत पैसे आधी भरले नाहीत म्हणून उपचार अडवता येत नाहीत, पण बिल येतं. तिसऱ्या प्रकारात आधी पैसे. ५०० पाउंड किंवा अधिक बिल दोन महिन्यांहून जास्त थकलं तर ते गृह विभागाला कळवलं जातं आणि पुढच्या व्हिसाला अडथळा येऊ शकतो. हप्ते बांधून मिळतात, मागा. प्रवास विमा असेल तर पहिल्या तपासणीच्या आधी विमा कंपनीला फोन करा. नंतर केलेला दावा ते सहज नाकारतात.

बहुतेक घरांत शेवटी परतीचं ठरतं. मग स्कॅन डिस्कवर आणि रिपोर्ट छापील घ्या. बायोप्सी झाली असेल तर स्लाइड आणि ब्लॉक मागण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. टाटा मेमोरियलला दाखवा की पुण्या-नाशिकला, तिथल्या डॉक्टरांना ते लागतीलच.

१०. उत्तर आल्यावर

नाही म्हणाले तर ते लेखी घ्या, आणि मूळ तक्रार तशीच असेल तर तिचं पुढे काय, हेही विचारा. कॅन्सर नाही म्हणजे व्रण भरला असं नव्हे. क्लिनिकने सोडून दिलं की केस जीपीकडे जाते, आणि डेंटिस्टला पत्राची प्रत मिळतेच असं नाही. ती तुम्ही द्या, म्हणजे पुढच्या वेळी तोच चट्टा बघताना त्यांच्याकडे तुलनेला काहीतरी असेल.

हो म्हणाले तर एका खास नर्सचं नाव आणि थेट नंबर मिळतो. कन्सल्टंटपेक्षा हा नंबर जास्त कामाला येतो, घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. इंग्लंडमध्ये कॅन्सरच्या रुग्णाला औषधांच्या चिठ्ठीचे पैसे पडत नाहीत, पण त्यासाठी एफपी ९२ए हा फॉर्म जीपी किंवा हॉस्पिटलकडून भरून घ्यावा लागतो. मिळणारं प्रमाणपत्र ५ वर्षं चालतं. नोकरीच्या ठिकाणी, निदान झालं त्या दिवसापासून २०१० च्या समानता कायद्याचं संरक्षण मिळतं, तेव्हा उपचारांसाठी वेळ मागताना दबून बोलायची गरज नाही. आणि रात्री झोप येत नसेल तर सकाळी आठनंतर मॅकमिलन कॅन्सर सपोर्ट या कॅन्सर रुग्णांना आधार देणाऱ्या संस्थेला ०८०८ ८०८ ०० ०० वर फोन करा. फुकट आहे, आठवड्याचे सातही दिवस सकाळी ८ ते रात्री ८ चालू असतो.